खानदेशातील जुन्या वहिवाटी व आपली पायवाट

देवळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत पायाभरणीची, प्रारंभीच्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींच्या सेवेची हकीकत इतर लेखकांनी सविस्तर दिली आहे. प्रस्तुत लेखकाने जो विषय हाती घेतला आहे तो कित्येकांस ज्युबिलीच्या अंकात अप्रस्तुत वाटेल. विषय वाटेचा आहे. वस्तीपासून देवळापर्यंत व तेथून पुढे दफनभूमीपर्यंत जी पायवाट तीन शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीतून गेली आहे, ती कोणाची, केव्हापासूनची व कशाच्या आधारावर, हा प्रश्न गेल्या तीन वर्षांत आपणा सर्वांस सोसावा लागला. देऊळ पन्नास वर्षांचे आहे आणि वाट त्याहून जुनी आहे. देवळाचा कागद आहे; वाटेचा नव्हता. तो का नव्हता व आता कसा झाला, ह्याचा इतिहास लिहून ठेवणे हे मी ह्या वर्षीचे एक कर्तव्य समजतो.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास वाटेचा विषय नवा नाही. इस्राएल लोक मिसर देशातून निघून अदोमाच्या सीमेवर आले, तेव्हा मोशेने तेथील राजाकडे जासूद पाठवून केवळ वाट मागितली. शेतांत व द्राक्षमळ्यांत शिरणार नाही, विहिरीचे पाणी पिणार नाही, राजमार्गानेच जाऊ, असे त्याने कबूल केले. तरी अदोमाने वाट दिली नाही व त्या लोकांस मोठा वळसा पडला. उलटपक्षी, आपला प्रभू शब्बाथ दिवशी शिष्यांसह उभ्या पिकातून चालला, तेव्हा परूश्यांनी कणसे खुडण्याबद्दल दोष काढला. परक्याच्या शेतातून चालण्याबद्दल कोणी चकार शब्द काढल्याचे शुभवर्तमानात नाही. शेताचा मालक तर त्या प्रसंगात बोलतच नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेले बी आहे, तेही अशाच वाटेवरचे. पाभर चालविणारा गडी पायवाट ओलांडतो त्या वेळी चार दाणे तुडवलेल्या जमिनीवर पडतातच, हे आपल्याकडील कोणत्याही सालदारास समजावून सांगावे लागत नाही.

आपला खानदेश हा मुळात वाटांचाच मुलूख. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, मधून पूर्वेकडून पश्चिमेस वाहणारी तापी. समुद्रावरील सुरत व फारुकी राजांचे बुऱ्हाणपूर ह्यांमधील मोठा व्यापारी रस्ता ह्याच खोऱ्यातून, नंदुरबार व थाळनेरवरून जात असे. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता धुळे व शिरपूर ह्यांवरून सेंधव्याच्या घाटात शिरतो. आपल्या धर्माचे पहिले पाऊल ह्या बाजूस पडले तेही वाटसरूचेच. १५८० साली येशूसंघाचे फादर रुडॉल्फ आक्वाविवा, फादर मोन्सेरात व त्यांचे सोबती अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघून सुरतेवरून फत्तेपूर शिक्रीस गेले, ते तापी व नर्मदा ओलांडून मांडू-उज्जैनच्या मार्गाने. पुढे १६०० व १६०१ साली अकबराने बुऱ्हाणपूर घेऊन असीरगडास वेढा दिला, तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या नात्यातील फादर जेरोम झेवियर व ब्रदर बेन्तो द गोइश हे बादशहाच्या छावणीत होते. त्यांनी येथे देऊळ बांधले नाही, की कोणाचा बाप्तिस्मा केल्याची आठवण ह्या गावांत राहिली नाही. ते आले व वाटेने गेले, एवढेच.

हे राजरस्ते झाले. त्यांची काळजी राजे व सरकारे घेतात. शेतातून जाणाऱ्या लहान वाटा, म्हणजे गाडरस्ता, शिवरस्ता, पाणंद, पायवाट, नदीवर गुरे नेण्याची वाट, मसणवाट, ह्यांचा वाली कोण, हा खरा प्रश्न आहे. मराठेशाहीत त्यास उत्तर होते. गावची शीव, बांध व वाटा लक्षात ठेवणे हे वतनाचे काम होते. शिवेचा तंटा उपस्थित झाला की महाराने शपथ घेऊन शीव चालून दाखवावयाची आणि त्याची साक्ष पाटील-कुळकर्ण्यांसही मानावी लागे. ज्या माणसास गावाने वेशीबाहेर ठेवले त्याच्याच पायांवर गावाने आपल्या सीमेचा भरवसा ठेवावा, हा विरोध विचार करण्यासारखा आहे. आपल्या धर्मप्रांतातील कित्येक जुन्या ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज हेच काम करीत आले, म्हणून तो आपण विशेषच ध्यानात ठेवावा. तंटा मोठा असल्यास गोत जमे, महजर होई व कागदावर ज्याच्या त्याच्या धंद्याची निशाणी उठे. कुणब्याचा नांगर, इतरांची त्यांची त्यांची अवजारे. असे जुने कागद गोळा करीत जन्मभर हिंडलेले इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १९२६ साली आपल्या धुळ्यातच देह ठेवला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावे तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. ज्यांस जुन्या कागदाचे मोल कळावयाचे आहे त्यांनी धुळ्यास एकदा ती वास्तू पाहावी.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला व कॅप्टन ब्रिग्ज ह्याने धुळे येथे ठाणे केले. पुढे गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्यांनी १८४७ साली ठरविलेल्या नियमांप्रमाणे मोजणी सुरू झाली. लोकांस ती रुचली नाही. सारा वाढेल ह्या भीतीने १८५२ साली सावदा, यावल, चोपडा ह्या भागांत मोठा दंगा झाला, मोजणीदारांस काम सोडावे लागले व शेवटी लष्कर आणून तो शमवावा लागला. इतक्या विरोधाने आलेली ती मोजणी आज मात्र गरिबाच्या कामास येते, असा हा काळाचा फेरा आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे आणे १६. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ह्याच मापातून वाटांच्या रुंदीही निघाल्या. पायवाट चार आण्यांची, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीवाट निदान अर्ध्या साखळीची, म्हणजे साडेसोळा फूट. गावच्या नकाशावर त्या तुटक रेषांनी दाखविल्या गेल्या. आजही तंटा झाला की प्रथम हाच नकाशा काढतात.

तथापि मोजणीदाराने सगळ्याच वाटा लिहिल्या नाहीत. साऱ्याच्या हिशेबास ज्यांची गरज होती त्या लिहिल्या. वस्तीतील बायकांची विहिरीवर जाण्याची वाट, साक्रीकडील ठेलारी धनगरांची मेंढरे नेण्याची वाट, भिल्लांची डोंगरात लाकूडफाट्यास जाण्याची वाट, ह्यांतील कित्येक कोणत्याच कागदात उतरल्या नाहीत. डोंगरातील वाटांचे तर निराळेच झाले. १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणे राखीव जंगलातील वाट, दुसरी सोयीची वाट असल्यास, वनाधिकाऱ्यास सरकारच्या मंजुरीने बंद करता येते. सोयीची म्हणजे कोणाच्या सोयीची, हे पावऱ्यास कोण विचारणार? पुढे १९४७ च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण झाले, जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुन्या नकाशावर असलेली तुटक रेषा नव्या नकाशावर कोठे गेली हे पाहावयास गावात कोणास फुरसत नव्हती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने खालसा झाली. ते योग्यच झाले. ते वतन म्हणजे वेठच होती. मात्र त्याबरोबर गावची वाट लक्षात ठेवणे हे कोणाचेच काम उरले नाही.

आता आपल्या वाटेची कथा. पावसाळ्यात नाल्यास पूर आला म्हणजे डांबरी सडकेने वस्तीतून देवळास येण्यास मोठा फेरा पडतो. ह्या वाटेने पाव तासात येता येते. वस्तीतील लोक पिढ्यान् पिढ्या ह्याच वाटेने बाजारास, पुढे शाळेस व मिस्सेस येत. काळ्या जमिनीत चिखल इतका की लहान मुले वहाणा हातात घेऊन देवळाच्या पायरीशी येत व तेथील हौदावर पाय धूत. हे दृश्य मी येथे आलो त्या पहिल्या आषाढात पाहिले. मयतही ह्याच वाटेने चार खांद्यांवरून येई. शेतमालक दादर पेरताना पाभर वाटेजवळ आली की उचलून धरीत. कोणी कोणास विचारले नव्हते, कोणी कोणास नाही म्हटले नव्हते.

येथे सत्य सांगणे प्राप्त आहे, कारण महोत्सवाच्या लेखात आपली बाजू तेवढी उजळ करून दाखविण्याचा मोह होतो. तंट्याचा आरंभ आपल्याकडून झाला. तीन वर्षांपूर्वी देवळाच्या दुरुस्तीकरिता वाळू आणावयाची होती. ट्रॅक्टर सडकेने न नेता काही उत्साही तरुणांनी तो पायवाटेने नेला, आणि एकदा नव्हे, चार खेपा. मधल्या शेताच्या मालकाचा कापूस दोन्ही अंगांनी चिरडला गेला. तो गृहस्थ मोठा जमीनदार नव्हे. एवढी एकच शेती त्याची. तो माझ्याकडे आला तेव्हा मी गावी नव्हतो, आणि जे भेटले त्यांनी, ही वाट आमचीच आहे, असे उत्तर दिले. पुढील वैशाखात त्याने वाट नांगरली व दोन्ही टोकांस काटेरी कुंपण घातले.

कायदा ह्या बाबतीत त्याच्याच बाजूस होता, हे मला पुढे एका वृद्ध वकिलांनी दाखवून दिले. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा सांगतो की, वीस वर्षे उघडपणे, अखंड व हक्काने केलेल्या वहिवाटीने परक्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क मिळतो. पण एका प्रकारच्या वाटेचा हक्क म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क नव्हे. पायी चालण्याचा हक्क असणाऱ्यास तेवढ्यावरून गाडी नेता येत नाही. आपले पूर्वज पायांनी चालले, म्हणून आपणास पायांपुरते मिळाले. उलट, पायी चालणाऱ्यांची वाट नांगरून टाकण्याचा अधिकार त्यासही नव्हता. मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याने असा अडथळा तहसीलदाराकडून दूर करून घेता येतो. तो उपाय स्वस्त व जलद आहे. अट इतकीच की, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. आपण नऊ महिने घालविले. आज बोलू, सणानंतर बोलू, पीक निघाल्यावर बोलू, असे करता करता मुदत गेली. भांडण टाळण्याच्या सद्हेतूने ती गेली, हे खरे. पण त्या पावसाळ्यात वस्तीतून निघालेल्या दोन मयती सडकेने टेम्पोतून आणाव्या लागल्या, आणि एका घरच्या माणसांनी मला त्याबद्दल जे ऐकविले ते मी निमूटपणे ऐकून घेतले.

उरले दोन मार्ग. १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणे बांधावरून नवी वाट मागावयाची, अथवा दिवाणी कोर्टात जुन्या वहिवाटीचा दावा लावावयाचा. दाव्यास पुरावा हवा. गट नकाशात आपली वाट नव्हती. जुन्या नकाशाची नक्कल काढली, तीत वाटेची तुटक रेषा पहिल्या शेताच्या कडेपर्यंत येऊन थांबलेली, पुढे कोरे. त्या वेळी ध्यानात आले की, पुरावा आपल्याच कपाटात आहे. धर्मग्रामाच्या दफनाच्या नोंदवहीत मयताचे नाव, वय, राहण्याची जागा व दफनाचा दिवस लिहिलेला असतो. ती वही लिहिणाऱ्या धर्मगुरूंनी वाटेचा उल्लेख कोठेही केलेला नाही. त्यांस त्याचे कारण नव्हते. परंतु वस्तीतील मनुष्य श्रावणात वारला व त्याच दिवशी सायंकाळी दफन झाला, अशा नोंदी पानोपानी आहेत. त्या काळी सडक नव्हती व नाल्यावर मोरी नव्हती. मग ते मयत आले कोणत्या वाटेने? शिवाय धर्मगुरुनिवासाची जी रोजनिशी पूर्वीचे फादर नियमाने लिहीत, तीत तीन-चार ठिकाणी शेतातून वस्तीवर गेल्याचा स्पष्ट उल्लेख सापडला. सेमिनरीत असताना अशी रोजनिशी लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांत मी एक होतो, हे येथे कबूल करतो.

वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, व त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यातही, असे तत्त्व आहे की, सार्वजनिक हक्काविषयी किंवा रूढीविषयी जाणत्या माणसाने सांगून ठेवलेली हकीकत त्याच्या मृत्यूनंतरही कोर्टात ग्राह्य होते. मात्र ती तंटा उपस्थित होण्यापूर्वी सांगितलेली असली पाहिजे. कायद्यातील उदाहरणच मुळी वाटेचे आहे: अमुक रस्ता सार्वजनिक आहे काय, हा प्रश्न असता, तो सार्वजनिक होता असे गावच्या मयत पाटलाने केलेले विधान. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्या इंग्रजासही हिंदुस्थानातील गावाचा विचार करताना पाटील व वाट हीच जोडी सुचली. ह्याचा अर्थ आपल्यापुरता असा की, ह्या वाटेविषयी वृद्धांचे जबाब घेण्यास आपणास उशीर झाला होता. तंट्यानंतर जे सांगितले जाते ते त्या माणसाने हयातीत कोर्टात येऊन, उलटतपासणी सोसून सांगावे लागते. लिहून ठेवून निजधामास गेल्यास त्याचा ह्या कलमाखाली उपयोग नाही. ज्या वाटेवर आज भांडण नाही, तिच्याविषयी मात्र आजच लिहून ठेवता येते.

इतर देशांतही हे अनुभवाने शिकावे लागले. ख्रिस्तसभेत प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस शेतांवर आशीर्वाद मागत मिरवणूक काढण्याची जुनी चाल आहे. पाचव्या शतकात व्हिएन येथील बिशप संत मामेर्तुस ह्यांच्यापासून ती चालू झाली असे मानतात. इंग्लंडात ह्या मिरवणुकीत धर्मग्रामाच्या सीमेवरून सर्वांनी चालावयाचे व लहान मुलांस सीमेच्या दगडांशी नेऊन ते नीट ओळखवावयाचे, असा प्रघात पडला. मुलाने पाहिलेला दगड पुढे साठ वर्षे साक्षीस उपयोगी पडे. त्याच देशात १९४९ साली कायदा होऊन सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे परगण्यापरगण्यांनी करावयाचे ठरले. पन्नास वर्षांनंतरही कित्येक जुन्या वाटा नकाशाबाहेरच राहिल्या. मग २००० च्या कायद्याने त्या नोंदविण्यास १ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली गेली. तीही पुढे ढकलावी लागली. साक्षरतेत व नोंदी ठेवण्यात पुढारलेल्या राष्ट्राची ही कथा आहे, तेव्हा आपल्या तलाठ्यास फार दोष देऊ नये.

आपल्याकडेही सरकारास आता जाग आली आहे. शेत व पाणंद रस्त्यांच्या कामाकरिता २०२१ साली योजना निघाली, आणि २२ मे २०२५ च्या महसूल विभागाच्या निर्णयाने असे ठरले की, शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंदीचा द्यावा व त्याची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांत घ्यावी. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जमीन विकली गेली तरी उतारा पाहणाऱ्या खरेदीदारास वाट दिसते. तिची माहिती नव्हती असे त्यास म्हणता येत नाही.

आपला तंटा कोर्टात गेला नाही. मी त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर तीन वेळा जाऊन बसलो. पहिल्या वेळी त्याने चहा दिला नाही. दुसऱ्या वेळी मी कापसाच्या नुकसानीचा विषय काढला व आपल्या तरुणांनी वर्गणीने जमविलेली रक्कम त्याच्यापुढे ठेवली, ती त्याने मोजून घेतली व म्हणाला, “फादर, हे तेव्हाच केलं असतं तर मी नांगर घातलाच नसता.” तिसऱ्या वेळी त्याचे वडील बोलले. शेताच्या मधून तिरपी गेलेली वाट पुन्हा होणार नाही. मात्र बांधाला लागून चार आण्यांची वाट पायी जाणाऱ्यांकरिता व मयतीकरिता देऊ, असे त्यांनी कबूल केले. उरलेल्या दोन शेतकऱ्यांनी त्यास संमती दिली. ट्रॅक्टर व मोटारसायकल ह्या वाटेने न्यावयाची नाही, ही अट आपण लिहून दिली आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे मी स्वतः पाहत असतो. नोंद इतर हक्कांत झाली. मंजूर फेरफाराची नक्कल हाती आली त्या दिवशी वस्तीतील एका आजींनी, कागदावर वाट काढलेली दाखवा, असा आग्रह धरला. कागदावर तीन ओळी तेवढ्या पाहून त्यांची निराशा झाली.

जुनी वाट सरळ होती, नवी दोन ठिकाणी वळते. म्हाताऱ्या माणसांस ती लांब पडते व त्यांची कुरकुर अजून आहे. ती रास्त आहे. जे आपण निष्काळजीपणाने घालविले त्याची ती किंमत होय.

ह्या प्रकरणानंतर धर्मग्रामाच्या मंडळाने एक नोंदवही घातली आहे. आपल्या व शेजारच्या तीन वाड्यांत ज्या वाटांविषयी आज कोणाचेही भांडण नाही, त्या वाटा वृद्ध मंडळींसह चालून पाहावयाच्या, कोणत्या निंबापासून कोणत्या विहिरीपर्यंत, पायी की बैलगाडीने, कोणत्या कामास, किती वर्षांपासून, हे त्यांच्याच शब्दांत लिहावयाचे, तारीख घालून सही अथवा अंगठा घ्यावयाचा व ज्याच्या शेतातून वाट जाते त्यासही ते वाचून दाखवावयाचे, असा क्रम ठरला. हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांनीही जबाब दिले आहेत, कारण वाट काही एकट्या ख्रिस्ती वस्तीची नव्हे. एका शेतमालकाने तर आपल्याच शेतातील वाटेची जुनी खूण स्वतः दाखविली. दुसऱ्याने वाचून दाखवू दिले नाही. तेही वहीत नमूद केले आहे.

आतापर्यंत चार वाटा लिहून झाल्या. वही धर्मगुरुनिवासात दफनाच्या नोंदवहीशेजारी ठेवली आहे व कोणासही पाहता येईल. पाचवी, नदीवर गुरे नेण्याची वाट, अर्धी लिहिली आहे. काठापासून पलीकडचा भाग ज्यांस नीट ठाऊक आहे त्या आजी सध्या सुरतेस लेकीकडे आहेत. दिवाळीनंतर त्या येतील, तेव्हा त्यांच्याबरोबर ज्यांस चालता येईल त्यांनी आपली नावे मिस्सेनंतर मजकडे द्यावीत.